वाईत मुक्काम

पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या वाईत थांबल्या तरी फार तर अर्धा तास. ढोल्या गणपतीचं दर्शन, घाटावर एक फोटो, की लगेच पसरणीच्या घाटाला लागतात. आम्ही मात्र पिशव्या खाली उतरवल्या. आजची रात्र इथंच.

ऊन डोंगराआड गेलंय. गणपती आळीच्या घाटाची पायरी अजून कोमट आहे, बसा जरा. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्त्यांच्या माहेरवाशीण. गणपतीचं दर्शन सगळेच घेतात, पण तुम्ही एकदा देवळाच्या मागं जा. गाभाऱ्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पावसाळ्यात कृष्णा चढते, तेव्हा लोंढा त्या टोकाशी दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. बांधणाऱ्यांनी कृष्णेचा पूर डोळ्यांनी पाहिला होता, हे त्या एका भिंतीवरून कळतं.

अंधार पडला की गाव नदीकडून पाहावं. गंगापुरी, धर्मपुरी, रामडोह, ब्राह्मणशाही... आळीला लागून घाट. हिवाळा सरताना कृष्णाबाईचा उत्सव येतो, तोही एकाच ठिकाणी नाही. एका घाटाचा झाला की दुसऱ्याचा.

जेवण झाल्यावर गल्ल्यांतून चालताना मला राहून राहून एकाच गोष्टीचं अप्रूप वाटत होतं. मराठी विश्वकोशाचं काम मुंबई-पुण्यात नाही, या एवढ्याशा गावात उभं राहिलं. इथल्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते हाती घेतलं. पहिला खंड आला १९७६ मध्ये. साऱ्या जगाचं ज्ञान मराठीत आणायला बसलेली ती माणसं संध्याकाळी याच घाटावर येत असतील, असं मनात आलं आणि पाय तिथंच रेंगाळले.

पहाटे उठून मेणवलीला. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागं उतरत गेलेला दगडी घाट, आणि मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली एक थोरली घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेतून आलेली. जवळ जाऊन पाहा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे.

खाली पाण्यापाशी कुणीतरी धुणं धुतंय. दगडावर कपडा आपटल्याचा आवाज थेट वर घंटेपर्यंत येतोय.