मुलांनी मागितलेली शाळा

श्रोतेहो, नमस्कार.

बालहक्कांचा विषय निघाला की मोठ्यांनी मुलांसाठी काय करावे, याकडेच आपले बोलणे वळते. स्वतःच्या आणि आपल्यामागून येणाऱ्यांच्या शिक्षणासाठी ज्या मुलांनी स्वतः उभे राहून मागणी केली, त्यांच्याविषयी आज मला बोलायचे आहे. आणि अशी मागणी पुढे आल्यावर मोठ्यांच्या वाट्याला कोणते काम येते, तेही सांगायचे आहे.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात फार्मव्हिल नावाचे गाव आहे. तेथील मोटन हायस्कूल ही कृष्णवर्णीय मुलांची वेगळी शाळा होती. सुमारे १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत १९५१ साली साडेचारशेच्या आसपास मुले शिकत होती आणि जागा पुरत नाही म्हणून आवारात डांबरी कागदाने मढवलेल्या लाकडी खोल्या उभारल्या होत्या. हिवाळ्यात शेगडीजवळच्या मुलांना उकाडा सोसवत नसे, तर लांब बसलेल्यांना अंगातला कोट काढता येत नसे. पाऊस आला की छपरे गळत. बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीने आपल्या संगीत शिक्षिकेजवळ हे गाऱ्हाणे मांडले, तेव्हा त्यांनी तिलाच विचारले की, मग तू याबाबत काही करत का नाहीस? त्या प्रश्नावर तिने बराच विचार केला, विश्वासातल्या काही सोबत्यांशी गुपचूप बोलून ठेवले, आणि २३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापकांना युक्तीने शाळेबाहेर पाठवून सभागृहात सगळ्या विद्यार्थ्यांना एकत्र बोलावले. व्यासपीठावर उभी राहून ती बोलली आणि सारी शाळा वर्ग सोडून बाहेर पडली.

मुलांची मागणी साधी होती: गोऱ्या मुलांच्या शाळेसारखी इमारत आम्हालाही द्या. मदतीला आलेल्या वकिलांनी मात्र त्यांच्यापुढे एक कठीण अट ठेवली. केवळ नव्या इमारतीसाठी नव्हे, तर वंशानुसार वेगळ्या शाळांची पद्धतच रद्द व्हावी यासाठी खटला लढायची तयारी असेल, तरच आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू, असे ते म्हणाले. मुलांनी आणि पालकांनी ते मान्य केले. तो खटला इतर चार खटल्यांसोबत सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि १७ मे १९५४ रोजी न्यायालयाने शाळांमधील वंशभेद घटनाबाह्य ठरवला.

ही हकिगत इथेच थांबवणे सोयीचे असते, पण ते प्रामाणिक होणार नाही. निकाल पाळावा लागू नये म्हणून त्या परगण्याने १९५९ साली आपल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलपे लावली, आणि ती १९६४ पर्यंत निघाली नाहीत. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली; कृष्णवर्णीय मुलांपैकी कित्येकांची मात्र उमेदीची पाच वर्षे अक्षराविना गेली. मुलांनी लढा जिंकला आणि त्याची किंमत पुन्हा मुलांनीच मोजली, हे मला फार अस्वस्थ करते.

अशी किंमत याहूनही भयंकर असू शकते. १६ जून १९७६ रोजी दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथे, गोऱ्या राज्यकर्त्यांच्या आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध निघालेल्या शाळकरी मुलांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. पाकिस्तानात इक्बाल मसीह हा मुलगा घरच्या कर्जापायी कोवळ्या वयात गालिच्याच्या मागावर बसवला गेला; तिथून सुटल्यावर तो शाळेत गेला, वेठबिगारीत अडकलेल्या इतर मुलांसाठी देशोदेशी बोलला, आणि एप्रिल १९९५ मध्ये, अजून पुरता मोठाही झाला नव्हता तोच, गोळी लागून मरण पावला. या मुलांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक होतो. परंतु त्यांच्या जिवाची काळजी घेणे हे मोठ्यांचेच काम होते, आणि ते झाले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या मुलाला हार घालून पुढे करायचे आणि संकटात एकटे सोडायचे, याला पाठिंबा म्हणत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत शिक्षणाचा हक्क आहेच, शिवाय बाराव्या कलमात मुलाला स्वतःशी संबंधित सर्व बाबींमध्ये मत मांडण्याचा आणि त्या मताला वय व समज पाहून योग्य वजन मिळण्याचा हक्कही दिलेला आहे. मुलाला बोलू दिले एवढ्याने या कलमाची पूर्तता होत नाही; ऐकणाऱ्याने पुढे काय केले, तेही त्यात येते.

असे ऐकले गेल्याचे एक उदाहरण झिंबाब्वेचे आहे. तेथील विवाह कायदा मुलींचे लग्न सोळाव्या वर्षी करू देत असे. स्वतः बालविवाहात ढकलल्या गेलेल्या दोन तरुणी वकिलांच्या मदतीने घटना न्यायालयात गेल्या, आणि २० जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने अठरा वर्षांखालील विवाह अवैध ठरवला. लग्न झाले की मुलीची शाळा सुटते. म्हणून हा निकाल मला शिक्षणाच्या लढ्यातलाच वाटतो.

जगातील बालमजुरांची संख्या २००० साली सुमारे २४ कोटी ६० लाख होती; २०२४ च्या अंदाजानुसार ती १३ कोटी ८० लाखांच्या घरात आली आहे. बराच पल्ला गाठला, पण उरलेली मुले आजही कामावर आहेत, आणि त्यांच्यासाठी झटणाऱ्या तरुणांना आपल्या शाबासकीहून आपला वेळ, कायद्याची जाण आणि कागदपत्रांतली चिकाटी अधिक हवी आहे.

तेव्हा आपण शाळेच्या समितीवर असाल, एखाद्या कार्यालयात निर्णय घेत असाल, तर पुढच्या बैठकीला विद्यार्थ्यांना बोलवा. स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही म्हणून मी येत नाही, असे एखादी मुलगी म्हणाली, तर ते तिच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहा, कडी कोण बसवणार त्याचे नाव आणि तारीख त्याखाली नोंदवा, आणि त्या तारखेला तिला पुन्हा बोलावून काम झाले का, हे तिलाच विचारा.

नमस्कार.