एका वेलीवर एकच भोपळा

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल संपत आला. कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या आमच्या परसात कुंपणाच्या सावलीला बर्फाचा काळपट ढिगारा अजून आहे, आणि घरी ओट्यावर एका वाटीत मी दोन बिया भिजत घालून आले आहे. अंगठ्याच्या पेराएवढ्या, चपट्या, जाड सालाच्या. त्यातली एक जरी जगली, तरी ऑक्टोबरात तिचा भोपळा उचलायला पाच-सहा माणसं लागतील. गेली सात वर्षं मी हे करते आहे. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरामागे वीस बाय पंधरा फुटांची, दिवसभर ऊन येणारी जागा असेल, तर तुम्हीही करून बघा. बी लावायचा आठवडा हाच, म्हणून आजच बोलायला आले.

बाजारात आपण फोड कापून घेतो तो लाल भोपळा, खानदेशातलं डांगर, ही बहुतेक वेळा वेगळी जात. वनस्पतिशास्त्रात तिला कुकुर्बिटा मोशाटा म्हणतात. राक्षसी भोपळा कुकुर्बिटा मॅक्सिमा या जातीचा. तिचं माहेर दक्षिण अमेरिका, आणि तिथल्या रानवेलीचं फळ तळहातावर मावतं. तळहातापासून इथवरचा पल्ला माणसांनी गाठला, दर पिढीत मोठ्या फळाची बी राखून ठेवत.

त्या माणसांतला एक आमच्याच प्रांतातला. ह्युरॉन सरोवराच्या काठी गॉडरिच नावाचं गाव आहे, तिथला विल्यम वॉर्नॉक. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याचा 400 पौंडांचा, म्हणजे 181 किलोंचा भोपळा मांडला होता. 1904 मध्ये सेंट लुइसच्या प्रदर्शनात त्याने 403 पौंडांचा नेला. हा आकडा 1976 पर्यंत कुणालाही ओलांडता आला नाही! मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. ठिबकच्या नळ्या नाहीत, माती तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा हाताशी नाहीत, आणि त्याचं फळ सत्तर वर्षं अजिंक्य राहिलं.

पुढे कॅनडातल्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या विंडसर गावच्या हॉवर्ड डिल या गवळी शेतकऱ्याने वर्षानुवर्षं संकर करून 'अटलांटिक जायंट' हे वाण तयार केलं. 1979 ते 1982 अशी सलग चार वर्षं जगातला सर्वांत मोठा भोपळा त्याचा होता. 1981 चं त्याचं फळ 493.5 पौंडांचं होतं. आज स्पर्धेत उतरणारे जवळजवळ सगळे भोपळे डिलच्या त्या वाणाचे वंशज आहेत. 2012 मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडमधल्या रॉन वॉलेसने 2,009 पौंडांचं फळ काट्यावर ठेवलं, दोन हजारांच्या पुढचं ते पहिलं. आणि 2025 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या हॅम्पशायरच्या इयन आणि स्टुअर्ट पॅटन या जुळ्या भावांचा भोपळा 1,278 किलोंवर गेला. हे वजन एखाद्या लहान मोटारीचं असतं.

हे कसं शक्य होतं? या वेलीची पानं उन्हातून जास्त अन्न बनवत असतील, किंवा रस जास्त वेगाने वाहत असेल, असं कुणालाही वाटेल. हार्वर्डच्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. त्यांचा शोधनिबंध 2015 चा आहे. रसाचा वेग साध्या वेलीइतकाच निघाला. फरक होता तो साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या जाळ्यात. राक्षसी जातीत पानांच्या आणि फळाच्या देठात हे जाळं कितीतरी दाट असतं. पाण्याचा जोर तोच, पण घरात एकाऐवजी चार नळ बसवलेले, असं समजा. म्हणून बी चांगल्या घराण्यातली लागते. घराणं हा शब्द मी मुद्दाम वापरला. या बियांना नाव पडतं ते फळाच्या वजनावरून आणि पिकवणाऱ्याच्या आडनावावरून, जसं '2009 वॉलेस'. यातलं 2009 हे साल नव्हे, पौंडांतलं वजन. पाकिटावर आई कोण, परागाचा बाप कोण, सगळं लिहिलेलं असतं. पिकवणारी मंडळी स्पर्धेच्या दिवशी आनंदाने बिया देतात. मला पहिली बी अशीच मिळाली, शेजारच्या आजोबांकडून, काही न मागता.

आता लावणी. बीचं साल इतकं टणक असतं की कडा नखं घासायच्या कानशीने हलक्या हाताने घासाव्या लागतात. टोकाला मात्र हात लावायचा नाही, अंकुर तिथून येतो. तीन-चार तास कोमट पाण्यात भिजवायची, मग टोक खाली करून कुंडीत लावायची. कुंडीला ऊब हवी, तीस अंशांच्या आसपास. माझी कुंडी फ्रीजच्या वर असते. चार-पाच दिवसांत मोड दिसतो. पहिलं खरं पान उघडलं की रोप बाहेर जायला उतावीळ होतं, मुळं कुंडीच्या भिंतीला टेकतात. पण आमच्याकडे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दव गोठवणारी थंडी पडू शकते. म्हणून मी रोप बाहेर लावते आणि वर प्लास्टिकचं छोटं खोपट उभारते, रात्री त्यावर जुनी गोधडी.

माती मागच्या शरद ऋतूतच तयार हवी. कुजलेलं शेणखत आणि मेपलच्या पानांचा पाचोळा मी ऑक्टोबरातच मातीत मिसळून ठेवते. वसंतात घाईने ताजं खत घातलं तर मुळं भाजतात.

जूनमध्ये वेल जमिनीवर निजते आणि पळत सुटते. मुख्य वेल मधोमध सरळ, दोन्ही बाजूंना उपवेली माशाच्या काट्यासारख्या. उपवेलीला फुटलेले आणखी फुटवे खुडून टाकायचे. आणि वेलीच्या प्रत्येक पेरावर माती ओढायची, हे अजिबात चुकवू नका. पेर मातीत गेलं की तिथून नवी मुळं सुटतात. एका खोडावर उभी वाटणारी वेल ऑगस्टात शंभर ठिकाणांहून पाणी पीत असते.

आता फुलं. माझं पहिलं वर्ष इथेच फसलं. लिंबाएवढी चार फळं धरली आणि चारही पिवळी पडून गळाली. आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवलंस का? बोट दाखवलं की कुजतो." लहानपणी आम्ही परसातल्या काकडीला बोट नव्हे, वळलेली मूठ दाखवायचो, ते आठवलं. शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले, त्यांनी फळ उलटून पाहिलं आणि सांगितलं, पराग पोचलाच नाही. गारठ्यामुळे त्या आठवड्यात मधमाश्या फिरकल्या नव्हत्या.

तेव्हापासून मी ते काम मधमाशीवर सोडत नाही. मादी फूल ओळखणं सोपं, पाकळ्यांखाली इवलासा भोपळा असतो. उद्या उमलणारं फूल आदल्या संध्याकाळी पिवळं टरारून दिसतं. त्याला जाळीच्या कापडाची पुरचुंडी बांधायची, म्हणजे दुसरा कुठला पराग येत नाही. पहाटे उठायचं, दोन-तीन नर फुलं देठासकट खुडायची, पाकळ्या काढायच्या, आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या आतल्या भागांवर गंध लावावं तसा हलकेच फिरवायचा. मग पुन्हा पुरचुंडी. ऊन चढायच्या आत, कारण कडक उन्हात फळ धरत नाही. ती पहाट मला वर्षातली सर्वांत आवडती. दव असतं, पानं छत्रीएवढी झालेली असतात, आणि सगळं परस अगदी शांत असतं. त्या दिवसाची तारीख मी दिनदर्शिकेवर लिहिते आणि पुढचे दिवस तिथून मोजते.

बहुतेकांचा हात अडतो तो यानंतर. वेलीवर तीन-चार फळं धरतात. सगळी गोजिरवाणी, तुकतुकीत. त्यांतलं एक ठेवायचं आणि बाकीची कापायची.

आपण भाजीचं देठसुद्धा वाया न घालवणाऱ्या घरांतून आलोय. पहिल्यांदा सुरी हातात घेऊन मी वाफ्यात अर्धा तास बसून होते. दोन ठेवू, दोन्ही मोठी होतील, असं वाटत होतं. दुसऱ्या वर्षी मी दोन ठेवलीही. दोन्ही साठ किलोंच्या आतबाहेर राहिली. वेलीने अन्न वाटून दिलं, दुसरं काय करणार ती? एकच ठेवायचं तर कोणतं, याचीही रीत आहे. खोडापासून दहा-बारा फुटांवर, मुख्य वेलीवरचं असावं. देठ वेलीशी काटकोनात असावा, नाहीतर फुगत जाणारे खांदे वेलीलाच चेपतात. मोजपट्टीने रोज मोजून जे भराभर वाढतंय ते ठेवावं. कापलेली कोवळी फळं टाकायची मात्र गरज नाही. आमच्याकडे त्यांची हरभऱ्याची डाळ घालून भाजी होते आणि उरलेल्या नर फुलांची भजी. त्या भाजीसाठी माझी मुलगी जुलैची वाट पाहते.

ठेवलेल्या फळाखाली वाळू पसरायची, वर जुन्या चादरीची सावली करायची. उन्हाने साल लवकर टणक झालं तर आतून फुगणाऱ्या गराला ते आवरत नाही आणि फळ तडकतं. ऑगस्टात विजेत्यांची फळं दिवसाला वीस किलोंपर्यंत वाढतात, माझं चार-पाच किलो. संध्याकाळी खूण केली की सकाळी फरक डोळ्यांना दिसतो. पाणी सकाळी आणि मुळांशीच द्यायचं. रात्री पानं ओली राहिली की भुरी धरते, पांढरी पीठ भुरभुरल्यासारखी, आणि पानं गेली की अन्न गेलं.

पाण्याबाबत सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सारखेपणा. चौथ्या वर्षी आम्ही आठवडाभर बाहेरगावी होतो. माती कोरडी पडली आणि परतल्याच्या रात्री धो धो पाऊस आला. सकाळी चादर उचलली तर देठापाशी बोट जाईल एवढी भेग, आरपार आतल्या पोकळीपर्यंत. पोकळीपर्यंत भेग गेलेलं फळ स्पर्धेत धरत नाहीत. पन्नासावा दिवस होता. मी तिथेच बसून रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

त्या भोपळ्याचे घारगे केले. या फळाचा गर पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचा असतो, लाल भोपळ्याची गोडी त्याला नाही. गूळ जवळजवळ दुप्पट लागला. ज्यांना खाण्यासाठी भोपळा हवा, त्यांनी हा लावू नये, असं मी स्पष्ट सांगते.

गेल्या वर्षी माझं फळ 187 किलोंचं भरलं. पट्टे बांधून यंत्राने ते काट्यावर चढवलं तेव्हा आईला मी व्हिडिओवर दाखवत होते. ती फार वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "यात म्हातारी खरंच बसेल गं." लेकीकडे जाऊन लठ्ठ झालेली, भोपळ्यात बसून जंगलातून घरी निघालेली ती म्हातारी. आई, माणसं बसतात खरंच! डिलच्या गावी, विंडसरला, 1999 साली ऑक्टोबरात तळ्यात अशा शर्यती सुरू झाल्या. भोपळे पोखरून त्यांच्या नावा करतात आणि त्यांत बसून वल्ही मारत पलीकडे जातात. एकदा आईला अशी शर्यत दाखवायची आहे.

माझ्या 187 किलोंच्या फळातून तीनशेच्या वर बिया निघाल्या. धुऊन, पंख्याखाली वाळवून पाकिटांत भरल्या आहेत, आईबापाच्या नावांसकट. या कार्यक्रमाला पत्र लिहिलंत तर दोन-दोन पाठवीन. वाटीतल्या माझ्या बियांचे चार तास आता भरत आले असतील. घरी जाऊन त्यांना मातीत लावते.

नमस्कार.