आधी चित्रकार, मग पेन्शनर
(परदेशातील मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

मंडळी, नमस्कार. आपल्यातले काहीजण निवृत्तीनंतर मेक्सिकोत घर घ्यायचं म्हणताहेत आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गाव आहे, सान मिगेल दे आयेंदे. घर घ्या किंवा घेऊ नका, हे सांगणारा मी कोण! पण त्या गावाचं काय झालं, ते ऐकून तरी ठेवा.

अमेरिकन चित्रकार स्टर्लिंग डिकिन्सन १९३७ साली तिथं पोचला, तेव्हा गावाचे वैभवाचे दिवस कधीच सरले होते. पुढच्या वर्षी कोस्सिओ देल पोमार या पेरूच्या चित्रकारानं जुन्या कॉन्व्हेंटात कलाशाळा काढली. महायुद्धानंतर अमेरिकी सरकार माजी सैनिकांना शिक्षणासाठी भत्ता देऊ लागलं. तो परदेशातही चाले, आणि इथं त्यात खोली, जेवण, रंग भागून वर चैनीलाही उरे. १९४८ मध्ये ‘लाइफ’ मासिकात लेख आला आणि अर्जांचा ढीग पडला. सिकेरोससारखा मेक्सिकोचा दिग्गज भित्तिचित्रकार शिकवायला आला, शाळेच्या मालकाशी बिनसलं आणि भित्तिचित्र अर्धवट टाकून निघून गेला. भिंतींवरून छतापर्यंत चढत गेलेल्या रेघा आणि रंगांचे पट्टे आजही तसेच आहेत. गेलात तर चुकवू नका.

थोडक्यात, कला आली स्वस्ताईच्या पाठीवर बसून. पेन्शनर आले तेही त्याच स्वस्ताईसाठी. शिवाय हवा उत्तम. मेक्सिकोत समुद्रकिनारा आणि सरहद्दीजवळ परदेशी माणसाला जमीन थेट नावावर करता येत नाही. सान मिगेल पडलं देशाच्या पोटात, त्यामुळे ती अडचणही नाही. २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं आणि पर्यटकांची रीघ लागली. आता लोक लग्नंही तिथं येऊन करतात, शनिवारी वराती निघतात. नवरा-नवरीचे कागदी लगद्याचे उंचच उंच पुतळे बँडच्या तालावर नाचत पुढे, वऱ्हाडी मागे. १९९१ मध्ये बंद पडलेल्या ला औरोरा कापडगिरणीत आज गॅलऱ्या आणि उंची सामानाची दुकानं आहेत. परळ-लालबागहून आलेल्यांना यापुढे सांगायला नको.

पेन्शनरांच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. तिथलं सार्वजनिक वाचनालय परदेशी रहिवाशांनीच सुरू केलं. मैफलींना खुर्च्या भरतात त्या त्यांच्यामुळेच. पण घरांचे भाव डॉलरात आणि गावकऱ्याची कमाई पेसोत. जुनी कुटुंबं घरं विकून गावाबाहेर गेली. चित्र विकत घेणारे वाढले. पण चित्र काढायला नुकता शिकलेला पोरगा भाड्यानं खोली घेईल कुठे?

आता आपल्याकडे या. पूर्वी या मंडळात नाटक आपणच बसवायचो. तळघरात तालीम, पडदे कोणाच्या तरी साड्यांचे, आणि संवाद विसरणारा एकजण हमखास. आता मुंबई-पुण्याहून नाटक येतं, आपण ऐपतदार झालोत, पहिल्या रांगेची तिकिटं घेतो. नाटकं चांगली असतात, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण गेल्या दिवाळीत मुलांना एकांकिका करायची होती, तेव्हा हॉलचं भाडं परवडेना म्हणून त्यांनी बेत सोडला. त्याच महिन्यात आपण ज्येष्ठांच्या सहलीवर किती खर्च केला, ते खजिनदारांना विचारा. त्या सहलीत मीही होतो, जेवण झकास होतं.

तर कार्यकारिणीला विनंती अशी: पुढच्या बैठकीत तालमीच्या जागेचा विषय घ्या. माझं तळघर शुक्रवार-शनिवार मोकळं आहे. चहा आमच्याकडून, पण चपला बाहेर.