रुळांच्या आधी थांबा
(पणजीत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'विखुरलेल्या गोव्यात लाइट रेल शक्य आहे का?' लाइट रेल म्हणजे मेट्रोपेक्षा हलकी, रस्त्यातूनही धावू शकणारी छोटी रेल्वे. उत्तर देणारच आहे. पण त्याआधी मडगावला जाऊन येऊ, कारण गोव्यात ही गोष्ट तिथून सुरू होते.

२००४ साल. मडगाव स्टेशनच्या परिसरात उंच खांब उभे होते आणि त्यांवर काँक्रीटची लांबलचक पोकळ पेटी. पेटीच्या आत रूळ, रुळांवर चाकं, आणि त्या चाकांना खाली लटकवलेला डबा. स्कायबस! कोकण रेल्वेचा प्रयोग, बी. राजाराम यांची कल्पना. चाचणीचा मार्ग १.६ किलोमीटरचा. कल्पना हुशारीची होती, हे मान्य करायलाच हवं. चाकं पेटीत बंदिस्त, म्हणजे डबा रुळांवरून घसरून खाली पडायचा नाही. खांब रस्त्याच्या मधल्या दुभाजकात, म्हणजे कुणाचं भाट, म्हणजे बागायत, संपादन करायला नको, कुणाच्या घराची भिंत पाडायला नको. गोव्यासारख्या जागेच्या तंगीच्या प्रदेशात याचं आकर्षण किती असेल, विचार करा. मग सप्टेंबरमध्ये चाचणी चालू असताना डबा खांबांवर आदळला. एका कर्मचाऱ्याचा जीव गेला, काही जखमी झाले. पुढे काही वर्षं ते खांब तसेच उभे राहिले आणि शेवटी २०१३ च्या सुमारास सगळं उतरवलं गेलं.

ही हकीगत सांगितली की लोक म्हणतात, तंत्रज्ञान फसलं. मला त्यात दुसरंच दिसतं. समजा, चाचणी यशस्वी झाली असती. मडगावजवळच्या कुडतरी गावातल्या माणसाने त्या खांबाच्या पायथ्याशी यायचं कसं? खांब कसे, डबा किती वेगाने, याची चर्चा भरपूर झाली. थांब्यापर्यंतच्या वाटेची चर्चा जवळजवळ नव्हतीच. वीस वर्षं झाली, आजही मेट्रो, मोनोरेल, ट्राम असं काहीही निघालं की आपण डब्याचं चित्र आधी पाहतो.

आता थोडा हिशेब. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १४.५८ लाख. म्हणजे चौरस किलोमीटरला चारशेच्याही आत. माणूस थांब्यापर्यंत आनंदाने चालतो ते पाचेकशे मीटर, त्यातही पावसाळ्यात छत्री सांभाळत कमीच. पाचशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, क्षेत्रफळ येतं पाऊण चौरस किलोमीटरच्या थोडं वर. सरासरी दाटी धरली तर त्यात माणसं सुमारे तीनशे. त्यातला दहावा हिस्सा सकाळी एकाच तासात निघाला, तर तीस जण. एक मिनीबस भरली, झालं! केंद्र सरकारने २०१९ साली 'मेट्रोलाइट'चं, म्हणजे हलक्या मेट्रोचं, जे मानक काढलं, त्यात तीन डब्यांच्या एका गाडीत तीनशे माणसं मावतात.

सरासरी फसवी असते, हे कबूल. सांगे-सत्तरीतलं जंगल आणि तिसवाडी-बार्देश-सासष्टीतले वाडे एकाच भागाकारात घालणं बरोबर नाही. पण वाड्यांची ठेवणही पाहा. घरं रस्त्याच्या काठाने ओळीत, मध्ये शेत, मागे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, मग पुन्हा घरं. वस्ती माळेसारखी पसरलेली. त्यामुळे दाट तालुक्यांतही थांब्याच्या वर्तुळाचा बराच भाग भातशेतीने व्यापलेला असतो. आणि ती शेती तशीच राहायला हवी, हे इथे कुणाला पटवून द्यायला नको.

अमेरिका-कॅनडात मोटारीवर जगणाऱ्या शहरांनी हा प्रयोग केलाय. कॅल्गरीत १९८१ साली लाइट रेल सुरू झाली आणि ती भरली, कारण नोकऱ्या एकाच मध्यवर्ती भागात एकवटलेल्या, तिथे पार्किंग महाग, आणि उपनगरातल्या बसेस स्टेशनात आणून जोडलेल्या. सॅन होजेत १९८७ साली सुरू झाली. तिथे कचेऱ्या विखुरलेल्या, प्रत्येकीभोवती मोकळं पार्किंग. ती तितकी कधी भरली नाही. रूळ दोन्हीकडे सारखेच!

आता बसकडे येऊ, आणि इथे माझी तक्रार आहे. मापशाच्या स्टँडवर कंडक्टर दारात लोंबकळत 'पणजे, पणजे, पणजे' ओरडतोय, आत माणसं घामाघूम, आणि बस हलत नाही. कंडक्टर वाईट माणूस आहे का? नाही. खासगी बसची कमाई त्या दिवशीच्या तिकिटांवर. रिकामी निघाली तर डिझेल मालकाच्या खिशातून. म्हणून भरेपर्यंत थांबते, मग पुढच्या बसला गाठायला धावते. संध्याकाळी प्रवासी कमी झाले की फेरी बंद. म्हणजे वेळापत्रकाला अर्थ उरत नाही, आणि परतीची खात्री नसली की माणूस सकाळीच स्कूटर काढतो. याला उपाय एकच: मालकाला तिकिटावर नव्हे, किलोमीटरवर पैसे द्यायचे आणि फेरी वेळेवर सोडायची. राज्य सरकारच्या 'म्हजी बस' योजनेचा विचार हाच आहे, आणि तो दुर्गम वाड्यांपर्यंत, रात्री दहापर्यंत पोचायला हवा.

स्कूटरचं नाव आलंच, तर एक बारीक गोष्ट. रस्त्यातून ट्राम नेली की खाचेचा रूळ बसवतात. खाच सुमारे चार सेंटिमीटर रुंद. स्कूटरचं टायर नऊ-दहा सेंटिमीटरचं, आत जात नाही. पण ओल्या पोलादावर तिरकं चाक गेलं की घसरतं. काटकोनात ओलांडलं तर काही होत नाही. म्हणून जिथे दुचाकीला रूळ ओलांडायचेत तिथे रस्ताच तसा वळवावा लागतो, आणि खाचेतल्या पाण्याला दर थोड्या अंतरावर निचरा द्यावा लागतो. जुलैतला पाऊस डोळ्यासमोर आणा. गाडीचा रूळ बदलणाऱ्या काट्याच्या मोटरीत पाणी शिरलं की सगळी गाडी तिथेच थांबते.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं. म्हणजे मुख्य मुद्दा आता घाईत.

गोव्यात लाइट रेलला अर्थ आहे तो एकाच पट्ट्यात: मापसा-पर्वरी-पणजी. अंतर साधारण १३ किलोमीटर. स्वतःची वेगळी मार्गिका मिळाली आणि सरासरी वेग ताशी २५ राहिला, तर ३१ मिनिटं. जाऊन-येऊन आणि दोन्ही टोकांना फिरवण्यासाठी बारा मिनिटं धरून ७५ मिनिटं. दर दहा मिनिटांनी गाडी हवी तर आठ गाड्या, शिवाय दोन राखीव. तीच गाडी वाहतुकीत अडकली, वेग १५ वर आला, तर फेरी ११६ मिनिटांची, गाड्या बारा. म्हणजे मार्गिका नसली की चार गाड्या उगाच जास्त विकत घ्यायच्या. या मार्गात मांडवी ओलांडायची आहे, तेव्हा आजच्या पुलांवर रुळांचा भार पेलतो का, याचा हिशेब पहिल्याच दिवशी झाला पाहिजे. खाजनाच्या, म्हणजे भरतीच्या पाण्यालगतच्या सखल जमिनीच्या, मऊ चिखलावर नुसता स्लॅब टाकला तर तो खचेल, पाइल, म्हणजे जमिनीत खोल रोवलेले खांब, घ्यावे लागतील, खर्च तिथे वाढतो.

पणजी-मडगाव? त्यासाठी रुळांचा विचार नको, अजून तरी. आधी जे रूळ आहेत ते वापरा. वास्को-मडगाव-कुळे मार्ग एकोणिसाव्या शतकापासून आहे. कोकण रेल्वे करमळी, थिवी, मडगावला जाते, मात्र पणजी आणि मापशापासून दहा-बारा किलोमीटर दूर. तिथे दर गाडीला जुळणारी बस उभी ठेवा. वास्को-मडगाव दरम्यान छोटी लोकल दर तासाला सोडून पाहा. जिथे मार्ग एकेरी आहे तिथे समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना ओलांडायला स्टेशनं मोजकी, तीच मर्यादा.

आणि मापसा-पणजी पट्ट्यात पुढच्या वर्षी करण्यासारखं काम: बससाठी एक लेन, खांबाला टांगलेलं खरं वेळापत्रक, आणि रात्री दहाची शेवटची फेरी, एकच प्रवासी असला तरी निघणारी. दोन वर्षं त्या लेनमधल्या माणसांची दर तासाची मोजणी ठेवा. गर्दीच्या तासात एका दिशेला हजार-दीड हजारांच्या वर आकडा टिकून राहिला, तर त्याच लेनमध्ये रूळ टाका.