सत्तरच्या दशकातला श्रेष्ठ रॉक अल्बम: आधी नियम, मग भांडण

नमस्कार, श्रोतेहो.

१९८९ साली ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकानं ऐंशीच्या दशकातल्या शंभर श्रेष्ठ अल्बमची यादी छापली. पहिला नंबर ‘द क्लॅश’ या बँडच्या ‘लंडन कॉलिंग’ला मिळाला. गंमत अशी की हा अल्बम इंग्लंडमध्ये १४ डिसेंबर १९७९ रोजीच बाहेर पडला होता. अमेरिकेत तो जानेवारी १९८० मध्ये पोचला, म्हणून तिथल्या हिशेबानं तो ऐंशीचा. इंग्रज मंडळी अर्थातच त्याला सत्तरच्या खात्यात धरतात. कुठला अल्बम श्रेष्ठ यावर मित्रमंडळीत रात्र रात्र वाद चालतात. त्यातले निम्मे असे असतात की दोघं वेगवेगळं मोजत असतात आणि ते दोघांच्याही लक्षात येत नाही.

आज आपण सत्तरचं दशक घेतलं आहे. १९७० ते १९७९. पहिला नियम तारखेचा. बँड ज्या देशातला, त्या देशात रेकॉर्ड बाजारात आली ती तारीख धरायची. ध्वनिमुद्रण कधी झालं ते बघायचं नाही. ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला, पण आला १३ फेब्रुवारी १९७० रोजी. तो आत. बीटल्सचं ‘लेट इट बी’ बहुतांशी जानेवारी १९६९ चं, पण प्रकाशित झालं मे १९७० मध्ये. कानाला ते साठच्या दशकाचं वाटतं, तरी तेही आत. नियम एकदा ठरवला की नको असलेले पाहुणेही घरात घ्यावे लागतात.

दुसरी हद्द रॉकची. ‘रोलिंग स्टोन’च्याच २०२० च्या यादीत सर्वकाळातला पहिला अल्बम मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ होता, १९७१ चा. तो थोर आहे, यात वाद नाही. पण तो सोल संगीताचा अल्बम आहे. गिटार, बास आणि ड्रम यांच्या आघातावर ज्याचा डोलारा उभा आहे, तो रॉक. जोनी मिचेल यांचं ‘ब्लू’ही या व्याख्येतून निसटतं, आणि ते जिवावर येतं. लाइव्ह अल्बम आणि निवडक गाण्यांचे संग्रह मात्र बेलाशक बाहेर ठेवा. संग्रहात कच्चं गाणं सापडतच नाही, आणि पुढची सगळी परीक्षा कच्च्या गाण्याचीच आहे.

त्याआधी तबकडीविषयी थोडं. सत्तरचा अल्बम म्हणजे दोन बाजूंची वस्तू होती. लाँग प्लेच्या एका बाजूला चांगल्या आवाजात साधारण १८ ते २२ मिनिटं बसतात. त्याहून जास्त कोंबली तर खाचा जवळजवळ कोराव्या लागतात, मग आवाजाची पातळी आणि बास दोन्ही कमी करावे लागतात. शिवाय तबकडी मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, सुई बाहेर असो वा आत. फेरे तेवढेच, पण वर्तुळ लहान होत जातं. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्या कमी जागेत झांजांची किणकिण आणि गायकाचा ‘स’ नीट मावत नाही, आवाज फाटतो. म्हणून जोरकस गाणं बाजूच्या सुरुवातीला आणि मवाळ गाणं शेवटी, असा शहाणा रिवाज होता. ‘लेड झेपेलिन’नं नोव्हेंबर १९७१ च्या आपल्या चौथ्या, शीर्षक नसलेल्या अल्बममध्ये तो धाब्यावर बसवला. पहिली बाजू ‘स्टेअरवे टू हेवन’च्या कडेलोटावर संपते, दुसरी ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’च्या धडाक्यावर.

हा क्रम सीडीवर आणि मोबाइलवर पुसला जातो. तिथे बाजू पालटायला उठावं लागत नाही. नंतरच्या आवृत्त्यांत तर गाणीही वाढवतात. म्हणून तिसरा नियम: मूळ प्रकाशनातली गाणी, मूळ क्रमानं. ‘फ्लीटवुड मॅक’च्या ‘रूमर्स’साठी हा नियम फार क्रूर ठरतो. फेब्रुवारी १९७७ च्या या अल्बमसाठी बँडच्या गायिका स्टीव्ही निक्स यांनी ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ नावाचं विलक्षण गाणं केलं होतं. लांबी जास्त, बाजूत बसेना, म्हणून ते काढलं आणि ‘आय डोन्ट वॉन्ट टू नो’ हे छोटं, हलकंफुलकं गाणं घातलं. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ गेलं एका सिंगल रेकॉर्डच्या मागच्या बाजूला. २००४ च्या आवृत्तीत ते परत अल्बममध्ये आलं. ती आवृत्ती ऐकून कुणी ‘रूमर्स’ला पहिला नंबर दिला, तर तो १९७७ मध्ये अस्तित्वात नसलेल्या अल्बमला दिलेला नंबर आहे.

आता परीक्षा. सर्वोत्तम गाण्यावरून अल्बम तोलू नका. त्यासाठी सिंगल होतीच. सगळ्यात कच्चं गाणं शोधा, ते मनातल्या मनात काढून टाका, आणि उरलेली बाजू सलग ऐका. काही तुटलं का? तुटलं नसेल तर ते गाणं भरतीचं होतं, आणि तेवढे गुण वजा.

‘क्वीन’चा १९७५ चा ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ घ्या. आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेले फारोख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, यांचं ‘बोहेमियन रॅप्सडी’ यातलंच. २४ ट्रॅकच्या, म्हणजे २४ वेगळे आवाज शेजारी-शेजारी धरणाऱ्या टेपवर आवाजांचे थर चढवत, ते एकत्र करून पुन्हा नवे थर, असं इतक्यांदा केलं की टेपवरचा चुंबकीय लेप झिजून ती उजेडात आरपार दिसायला लागली. कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्याच अल्बममधलं ‘सीसाइड रॉन्देव्हू’ काढून बघा. काहीही तुटत नाही. कारागिरी आणि श्रम हे अल्बमचे गुण असतीलच असं नाही. एका दिवसात झालेला ‘सॅबथ’ या परीक्षेत ‘क्वीन’च्या पुढे जातो.

‘द हू’चा ‘हूज नेक्स्ट’, ऑगस्ट १९७१. पहिल्याच ‘बाबा ओ’रायली’ गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, ज्यांची समाधी नगरजवळ मेहेराबादला आहे; बँडचे पीट टाउनशेंड त्यांचे अनुयायी. नावाचा उरलेला भाग अमेरिकी संगीतकार टेरी रायली यांच्यावरून. सुरुवातीची ती सतत उसळणारी सुरावट सिंथेसायझरची समजली जाते, पण ती लॉरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनची आहे. त्यातलं ‘मरिंबा रिपीट’ हे बटण दाबलं की धरलेला सूर आपोआप तुकड्या-तुकड्यांत वाजतो. शेवटच्या ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’मध्ये ऑर्गन सिंथेसायझरमधून काढला आहे. आधी मुद्रित केलेली यंत्राची टेप लय बदलत नाही, त्यामुळे बँडचे ड्रमर कीथ मून यांना हेडफोन लावून तिच्याबरोबर ड्रम वाजवावे लागले. एरवी लयीला हवं तसं वाकवणारा हा वादक इथे बांधला गेला, आणि त्या ओढाताणीतूनच या गाण्यात ताण आला. दोन टोकं अशी भक्कम. पण मधलं ‘लव्ह एन्ट फॉर कीपिंग’ काढलं तर कुणाला पत्ता लागणार नाही.

झेपेलिनच्या चौथ्याकडे परत येऊ. यातलं कच्चं गाणं ‘फोर स्टिक्स’. बँडचे ड्रमर जॉन बॉनम यांनी एकेका हातात दोन-दोन काठ्या धरून ते वाजवलं. पाच आणि सहा मात्रांत सतत अदलाबदल होते, गाणं मनात ठसत नाही, आणि त्यापुढे गायनाला फारसा वाव उरत नाही. १९७२ मध्ये बँडचेच जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी मुंबईत इथल्या वादकांना घेऊन याच गाण्याचं ध्वनिमुद्रण केलं. ते अधिकृतपणे २०१५ मध्ये बँडच्या ‘कोडा’ या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत आलं. जरूर ऐका. विषम मात्रा अंगवळणी असलेल्या वादकांच्या हातात तीच चाल किती मोकळी होते ते कळेल. पण आपल्या नियमानं त्याचे गुण १९७१ च्या तबकडीला मिळणार नाहीत.

याच अल्बममधल्या ‘लेव्ही’चे ड्रम मात्र त्या दशकातला सगळ्यात मोठा आवाज आहे. हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीत बॉनम यांचे ड्रम जिन्याखालच्या दालनात मांडले आणि बायरडायनॅमिक कंपनीचे दोन एम-१६० माइक वर जिन्यातून लोंबकळत सोडले. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी ड्रमजवळ एकही माइक ठेवला नाही. त्यामुळे आघात आणि भिंतींचा घुमारा एकजीव होऊन टेपवर आला. वर कॉम्प्रेशन दिलं, म्हणजे आवाजाचे चढउतार दाबले, आणि थोडा एको दिला. नंतर अनेकांनी हे करायला जाऊन ड्रमला जवळून माइक लावले आणि घुमारा यंत्रातून मिसळला. ते तसं का होत नाही, याचं कारण इतकंच की तिथे खोली वाजतच नाही.

हे सगळं तोलायचं तर ऐकणं तरी सारखं हवं. मोबाइलवर ऐकत असाल तर शफल आणि क्रॉसफेड (एक गाणं विरताना त्यावरच पुढचं चढवणारी सोय) बंद करा. क्रॉसफेड चालू राहिला तर ‘पिंक फ्लॉइड’ या बँडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’सारख्या अल्बममधल्या जोडलेल्या गाण्यांचा सांधा बिघडतो. दोन अल्बमची आवाजपातळी सारखी करणारं सेटिंग चालू ठेवा. नव्या रीमास्टर, म्हणजे जुन्या टेपवरून पुन्हा तयार केलेल्या आवृत्त्या बऱ्याचदा मुद्दाम चढ्या आवाजात काढलेल्या असतात, आणि एक-दोन डेसिबलनं मोठा असलेला आवाज कानाला मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो. पहिली बाजू संपली की थांबा, चहा घ्या, मग दुसरी. एका बैठकीत दोनच अल्बम. तिसऱ्याला कान न्याय देत नाहीत.

मतदान करणार असाल तर प्रत्येकानं दहा नावं क्रमानं लिहायची, पहिल्याला १०, दहाव्याला १ गुण. पहिली अडचण ‘पिंक फ्लॉइड’सारख्यांची: ‘डार्क साइड ऑफ द मून’, ‘विश यू वेअर हिअर’ आणि नोव्हेंबर १९७९ चं ‘द वॉल’ यांत त्यांना पडणारी मतं फुटतात. एका बँडचा एकच अल्बम, हे आधी ठरवून टाका. दुसरी अडचण लबाडीची. प्रतिस्पर्धी खाली जावा म्हणून कुणीतरी त्याला यादीतच घेत नाही. पाच जण असाल तर प्रत्येक अल्बमचे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण वगळून मधल्या तिघांचे धरा. हे मतदानाआधी जाहीर करा, नाहीतर भांडण नियमावरच होईल.

माझा निकाल: पहिला ‘द डार्क साइड ऑफ द मून’, मार्च १९७३. दुसरा झेपेलिनचा चौथा, तिसरा ‘हूज नेक्स्ट’, चौथा ‘रूमर्स’. ‘लंडन कॉलिंग’ला १९ गाण्यांची जोडतबकडी भोवते, काढण्याजोगी चार तरी निघतात. ‘डार्क साइड’मधून ‘एनी कलर यू लाइक’ हा नुसता वाद्यांचा तुकडासुद्धा काढता येत नाही, कारण त्याच्या आधीचं आणि नंतरचं गाणं त्याच्याच आधारानं एकमेकांना भेटतात. अनपेक्षित नाव घेतलं असतं तर मजा आली असती, पण परीक्षा लावली की हेच येतं.

याविरुद्ध जड मुद्दा एकच आहे, आणि तो ‘डार्क साइड’मधल्याच ‘मनी’ या गाण्यात. नाणी, कागद फाटण्याचा आवाज, गल्ल्याची खणखण असे टेपचे सात तुकडे पट्टीनं मोजून सारख्या लांबीचे कापले आणि चिकटवून फिरती माळ केली. त्या सात ठोक्यांवर गाणं सुरू होतं. सात मात्रा आपल्या रूपक तालाच्याच, पण वजन निराळं. सॅक्सोफोनचा सोलोही त्या सातातच वाजतो. मग डेव्हिड गिलमोर यांच्या गिटारची पाळी येते आणि सगळा बँड चार मात्रांवर उतरतो. गिटारला मोकळं मैदान हवं होतं म्हणून केलेली ही सोय, की सात मात्रा झेपेनात म्हणून काढलेली पळवाट? मी तिला सोय मानतो, कारण पुन्हा सातावर येताना एकही ठोका अडखळत नाही. तुम्ही पळवाट मानत असाल, तर झेपेलिन तुमचा पहिला.