खेकडा आणि चिंबोरी

लालबागच्या एका चाळीत, दुपारची जेवणे उरकली की तीन वर्षांची नात आजीच्या मांडीवर येऊन बसते आणि मोबाईल मागते. आजी मोबाईल तिच्याकडे देत नाही, स्वतःच्या हातात धरते. आजच्या व्हिडिओत ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या खडकांवरून एक खेकडा तिरका चालला आहे, निवेदक क्षणभर थांबतो आणि त्या शांततेत नात विचारते, "आजी, हा सरळ का नाही चालत?" आजी व्हिडिओ थांबवते आणि त्याच्या पायांचे सांधे बाजूला वाकतात, हे स्वतःचे बोट वाकवून दाखवते.

प्रश्न सुचायला मुलाला सवड मिळते का, ही आमच्या दृष्टीने लहान मुलांसाठी व्हिडिओ निवडण्याची पहिली कसोटी आहे. शैक्षणिक म्हणवणाऱ्या कितीतरी व्हिडिओंत दर दोन-तीन सेकंदांनी दृश्य बदलते, आवाज आणि रंग आदळत राहतात, मूल खिळून बसते आणि ते शिकते आहे असे घरच्यांना वाटते. परंतु खिळून बसणे म्हणजे शिकणे नव्हे. दोन वर्षांखालील मूल तर पडद्यापेक्षा समोरच्या माणसाकडून कितीतरी अधिक सहज शिकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा आहे. त्याहून कमी असेल तर उत्तमच.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्यानंतरची अनेक वर्षे मुलांचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागत असे आणि आपोआप संपत असे. आता पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, म्हणून ऑटोप्ले बंद करणे आणि व्हिडिओ आधी स्वतः शेवटपर्यंत पाहणे, ही दोन्ही कामे घरातल्या मोठ्यांकडे आली आहेत. मुलाच्या घरच्या भाषेतले निवेदन मिळाले तर ते आवर्जून निवडावे, कारण ऐकलेला शब्द त्याला लगेच घरात वापरता येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी बाजारात नात एका टोपलीपाशी थबकते. आत नांग्या दोरीने बांधलेल्या चिंबोऱ्या आहेत.

"आजी, खेकडा!"

"हो बाळा. कोळीणमावशी त्याला चिंबोरी म्हणते."

ती टोपलीशेजारी उकिडवी बसते आणि एक बोट वाकवून पाहू लागते.