उलटी चादर, सुलटा बोर्ड

नमस्कार, श्रोतेहो! घरी सर्किट बोर्ड करणाऱ्याचा बनियन फेरिक क्लोराइडच्या डागांवरून ओळखू येतो. आज तांबं विरघळवायचं नाही, संगणकाच्या हुकमानं चालणाऱ्या छोट्या सीएनसी मशीनवर कोरायचंय.

सगळं तांबं काढायचं नसतं बरं का. प्रत्येक पट्टीच्या कडेनं चर मारायचा. पट्टी शेजारणीपासून सुटली की झालं. बोर्ड आखायच्या कीकॅड सॉफ्टवेअरमधून गर्बर फाइल, म्हणजे तांब्याच्या थराचं चित्र, काढायची, फ्लॅटकॅममध्ये उघडायची. तो बिटचा, म्हणजे कोरणाऱ्या पात्याचा, मार्ग आखतो आणि जी-कोड, म्हणजे मशीनसाठीच्या सूचना, देतो. निमुळत्या टोकाचं व्ही-बिट म्हणजे नांगर: खोल गेला की तास रुंद. 30 अंशांचं, 0.1 मिलिमीटर टोकाचं बिट 0.1 खोल गेलं, तर चर साधारण 0.15 रुंद पडतो. फ्लॅटकॅमला सांगायची ती ही रुंदी. परत सांगतो, चराची रुंदी, टोकाची नव्हे.

आणि घाई नको.

आमच्या मामांचे सोलापुरात अशोक चौकाकडं माग आहेत. धागा तुटला की दिवा लागावा म्हणून मी एक बोर्ड कोरला. आठ पायांची 555 टायमर चिप, सुरेख चर, सोल्डरचे सुबक डाग. सगळं घेऊन ऐटीत गेलो. वीज दिली. दिवा काही लागेना. मामांनी चिपला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. "का बे, तवा केलास की काय?"

तासभर मी मीटर घेऊन बसलो. मामांनी चहा संपवला, जेकार्ड मागावरून नुकतीच उतरलेली चादर उचलली आणि उलटी करून माझ्यापुढं धरली. नक्षी तशीच, रंग तेवढे अदलाबदल. पण कोपऱ्यात विणलेली अक्षरं? सगळी उलटी!

तिथं डोक्यात प्रकाश पडला. खालच्या बाजूचं तांबं संगणकाच्या पडद्यावर आपण वरून, बोर्डाच्या आरपार बघत असतो. कोरताना मात्र तीच बाजू वर येते. मी आरसा-प्रतिमा करायलाच विसरलो होतो. त्यामुळं एक नंबरचा पाय आठच्या जागी गेला, आठचा एकच्या. 555 मध्ये एक म्हणजे ग्राउंड आणि आठ म्हणजे वीज! चिप तापणार नाही तर काय होईल?

तर श्रोतेहो, खालचा थर असेल तर आधी मिरर, मग मार्ग. भोकांची फाइलसुद्धा त्याच रेषेवर मिरर करायची. आधी मिरर, मग मार्ग.

दुसऱ्या बोर्डावर दिवा लागला. तेव्हापासून मी तांब्याच्या थरात एका कोपऱ्यात इंग्रजी 'एफ' टाकतो. मार्ग आखल्यावर तो सरळ वाचता आला, तरच मशीन चालू करतो.

मामा मात्र प्रत्येक बोर्ड हातात घेऊन विचारतात, "एफ म्हणजे फेल का बे?"